एकदम फिट, साब

बिभीषण फौजीला कुणी "कसं काय?" म्हटलं, की छाती आपोआप पुढं यायची आणि तोंडातून निघायचं, "एकदम फिट!" फौजेनं लावलेली सवय, ती काय घरी आल्यावर सुटते होय? पण त्याच सवयीनं त्याचं वाटोळं केलं.

पेन्शनीला बसायच्या आतच त्याला शुगर लागली आणि फौजेनं घरी धाडलं. डाव्या पायाची दोन बोटं गेली, नजर अधू झाली, बांधापर्यंत चाललं तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. अपंग पेन्शनीसाठी त्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं केलं. साहेबांनी विचारलं, "कैसे हो, जवान?" आणि हा शहाणा सावधान होऊन म्हणतो, "एकदम फिट, साब!" साहेबांनी तसंच लिहून घेतलं. अर्ज फेटाळला गेला.

मग त्याची बायको वनमाला ऊसतोडीला निघाली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई मुकादमाच्या लेखी अर्धा कोयता. म्हणून तिनं आपल्या भावाला, सटवाला, जोडीला घेतलं. सिरसाळ्यात तोडणीच्या मजुरांचा ट्रक भरताना मुकादमानं सगळ्यांदेखत विचारलं, हिचा मालक कुठं हाय? मालक तिथंच होता, चहाच्या टपरीमागं. पुढं आला नाही. त्या दिवसाची लाज त्याला शुगरपेक्षा जास्त पोखरत होती.

अपील केलं आणि फेरतपासणीचा हुकूम आला. हुकलं तर पुढचा हंगामही वनमालाला फडातच काढावा लागणार होता. तिनं बजावलं, यावेळी खरं सांगा, चप्पल घालून चला, पाय दिसू द्या साहेबाला. हा हो हो म्हणाला. आणि निघायच्या आदल्या दिवशी गुपचूप जाऊन जुन्या फौजी बुटाच्या टाचेला नवी नाल ठोकून आणली. साहेबापुढं चपला फटफटवत जायचं म्हणजे काय! चकाकणारे बूट बघून वनमालानं कपाळाला हात लावला. परळीच्या स्टेशनवर तो टाचा वाजवत चालला आणि ती पिशवी घेऊन मागनं.

लष्करी दवाखान्यात त्याची नजर अधू म्हणून तिलाही आत सोडलं. साहेबांनी कागदावरची नजर न काढताच विचारलं, "कैसे हो, जवान?"

टाचा खाडकन जुळल्या. "एकदम फिट, साब!"

शब्द सुटल्यावर त्याला कळलं. कान तापले, मान खाली गेली.

वनमाला त्याच्यापुढं खाली बसली आणि डाव्या बुटाची नाडी सोडू लागली. राहू दे, म्हणत त्यानं पाय ओढला. तिनं तो धरून ठेवला. बूट निघाला तर पांढरा मोजा रक्तानं भिजलेला. नालेचा खिळा आत वर आला होता आणि परळीपासून तो त्यावर चालत होता. पायाला पत्ताच नव्हता.

उसाच्या पाचटानं चिरलेल्या तिच्या बोटांत तो मोजा बघून फौजीचं सावधान सुटलं. साहेब उठून जवळ आले आणि म्हणाले, सच बताओ. पण त्याला हिंदी आठवेना.

"काम होत न्हाई, साहेब. पाय हाय का न्हाई तेबी कळत न्हाई. कोयत्यात माज्या जागी हिचा भाऊ उभा ऱ्हातो. मुकादमानं इचारलं तवा मी टपरीमागं लपलो व्हतो."

शेवटचं त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. वनमालाकडं बघायची त्याची हिंमत होईना.

"मला दिसलं व्हतं," ती खालमानेनं म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली.