तुंगाबाईंची आखूड पायाची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि मला भूत लागलं आहे असं चौथीच्या मुलांनी ठरवून टाकलं आहे. मित्रांनो, आधी माझं ऐकून घ्या, मग हवं तर घाबरा.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या एका सुताराने मला घडवलं. त्याच्या घाईत माझा एक पाय आखूड राहिला. जवळच्याच मराठी शाळेत वीस वर्षं तुंगाबाई माझ्यावर बसल्या. एखादं मूल अडखळत का होईना, पहिलं वाक्य वाचू लागलं की बाई खूश होऊन मागे रेलायच्या आणि त्या आखूड पायामुळे मी 'कुर्र' करायची. मुलांना ती शाबासकी वाटे. मला तेव्हा फार मान होता.

गेल्या वर्षी सुमा वाचायला लागली, आणि त्याच आठवड्यात घरचे तिला घेऊन लांब सरगूर गावी राहायला गेले. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आलेले नवे मुख्याध्यापक विश्वेशसर एक फॉर्म घेऊन वर्गात आले. "कामात समाधान आहे ना, बाई?"

बाईंची नजर सुमाच्या रिकाम्या जागेवर होती. "बहळ, फार बेजार झालंय, सर."

सरांना वाटलं, बाई शिकवून कंटाळल्या. सर वाईट नव्हते. बाईंचा भार हलका करावा म्हणून त्यांनी वर्ग काढून घेतला आणि त्यांना ऑफिसात कॉम्प्युटरवर माहिती भरायला बसवलं. बाईंना वाटलं, आपलंच काही चुकलं. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. दसऱ्याच्या सुट्टीत बाई वारल्या.

शोकसभेत सर म्हणाले, "शेवटी त्या शिकवण्याला बेजार झाल्या होत्या." तेव्हा कारकून गंगाधरराव उठले. "अय्यो, नाही सर! आमच्या इथं कन्नडात बेजार म्हणजे दुःख. कंटाळा नव्हे."

त्या संध्याकाळी सर रिकाम्या वर्गात बराच वेळ माझ्यावर बसून होते. मी अंग चोरून घेतलं.

आता मी कोपऱ्यात आहे. कोणी बसत नाही, तरी मधूनच मी कुरकुरते. कोण रेलतं ते मलाही दिसत नाही. खरं सांगते, मलाही भीती वाटते. मुलांच्या तक्रारीवरून उद्या सुतार पाय नीट करायला येणार आहे.

आज सुमा सरगूरहून कायमची परत आली. तिने धड्याची पहिली ओळ वाचली. कुर्र! वर्ग ओरडत बाहेर पळाला. सुमा मात्र माझ्याकडे बघून हसली आणि दुसरी ओळ वाचू लागली.

मित्रांनो, कुणी बेजार आहे म्हणालं, तर कशानं ते विचारत जा. आणि माझा पाय आखूडच राहू द्या. सुमाच्या धड्याच्या अजून सात ओळी बाकी आहेत.