हॉलच्या छतावरचा डाग

श्यामराव आगाशे यांच्या कर्वेनगरातल्या हॉलच्या छतावर डाग पडला, तेव्हा वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवण्याचा आगाऊपणा त्यांनी केला नाही. वरच्या दाराला नुसती चिठ्ठी लावली. ‘आपले पाणी आमच्या छतावर आले आहे. येऊन ओळख पटवावी.’

विजयमालाबाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वर एकट्याच राहायच्या. स्टुलावर चढून त्यांनी डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली.

“डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू. आत राहिला तर जुनी. रविवारी बघू.”

मग दर रविवारी तपासणी. बाई छताला उलटा हात लावायच्या, श्यामराव स्टूल धरायचे. रंगाला फुगे आलेत का, मधला भाग काळपट दिसतो का, यावर सणसणीत वाद व्हायचा आणि मग चहा. पत्नी गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. श्यामराव शनिवारपासूनच मुद्दे काढून ठेवत.

पण बाई तत्त्वाच्या. त्यांनी बाथरूमच्या पाइपचा सांधा बदलून घेतला. डाग रेघेच्या आतच थांबला, पिवळा पडला, त्याला तपकिरी किनार आली.

“वाळला,” बाई स्टुलावरून म्हणाल्या.

“मला दमट वाटतोय.”

“तुम्ही खाली उभे आहात.”

“कुबट वास येतोय.”

“तो तुमच्या टॉवेलचा.”

बाई चपला घालू लागल्या.

“पुढच्या रविवारी?” श्यामरावांनी विचारलं.

“आता कशाला?”

कामाशिवाय कुणी कुणाकडे जातं, असं श्यामरावांच्या पाहण्यात नव्हतं. “चहाला,” ते कसंबसं म्हणाले.

“अहो, चहा मी घरी करते की!” म्हणत बाई जिना चढून गेल्या.

तरी रविवारी श्यामरावांनी दोन कप काढले. बेल वाजली. दारात रंगाचा डबा घेतलेला पेंटर.

“वरच्या मॅडमनी पाठवलंय.”

“अजून ओल आहे हो. एक उन्हाळा जाऊ द्या.”

पेंटरने हात लावून पाहिला. “खडखडीत आहे, काका.”

दुपारपर्यंत छत पांढरंशुभ्र झालं.

“मॅडम काम बघायला येतील ना?” श्यामराव म्हणाले. “फार बारकाईने बघतात. स्टूल राहू दे इथेच.”

“नाही, फोटो पाठवा म्हणाल्यात.” पेंटरने मोबाइल वर धरला. “काका, जरा सरकता का? तुमची सावली पडतेय.”

श्यामराव सरकले. फोटो स्वच्छ आला.