सत्ताविसाव्या पानावरचं नाव

मी एक रहस्यकादंबरी बोलतेय. माझ्या पोटात एक खून आहे, सहा संशयित आहेत आणि आंबोलीतला एक ओलाचिंब बंगला आहे. खुनी कोण, ते मी तुम्हाला सांगणार नाही. कितीही चहा पाजलात तरी नाही. पण माझ्यामुळे मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात जे रामायण घडलं, ते सांगायला हरकत नाही. त्यात कुणाचा जीव गेला नाही. एक मैत्री मात्र जाता जाता वाचली.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका छापखान्यातला. मुखपृष्ठावर लाल छत्री आहे. आतल्या गोष्टीत छत्री काळी आहे, पण चित्रकाराने मला वाचलंच नव्हतं. आयुष्यात माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं दुःख. पुढे एका गठ्ठ्यात बांधून मला एस.टी.त टाकलं आणि फोंडाघाट उतरून, गुळाच्या ढेपेला टेकून, मी कट्ट्याला आले.

इथे दाजींचं दुकान आहे, एस.टी. स्टॉपच्या समोर. पुढे वह्या, पेनं, पंचांगं आणि आरत्यांची पुस्तकं. आत मात्र बरोबर डोळ्यांच्या उंचीवर एक फळी आहे. तिथे दाजींच्या आवडीची पुस्तकं राहतात. वहीत नाव लिहायचं, पुस्तक घरी न्यायचं, वाचून परत आणायचं. चौदा रहस्यकथा आणि दाजींनी शिफारस केलेली इतर काही.

प्रत्येक पुस्तकात दाजींच्या हातची एक चिठ्ठी असते. माझ्यात लिहिलंय, ‘चुलीवर भात ठेवून वाचू नये. करपतो. अनुभव आहे.’ माझ्या शेजारणीत लिहिलंय, ‘एस.टी.त वाचू नये. फोंड्याला उतरायचं असतं आणि कोल्हापूर येतं.’ पाककृतींच्या पुस्तकात, ‘लेखिका देशावरची असावी. खोबरं आपल्या मनाने घालावं.’ आणि काजूच्या कलमांवरच्या पुस्तकात नुसतं एवढंच, ‘खुनाची सगळी पुस्तकं संपली असतील तरच.’

दाजींना एका गोष्टीचा फार अभिमान. ते म्हणायचे, “माणूस पायरी चढता चढता माका कळता, तेका खंयचा पुस्तक होया.” पायरी चढणाऱ्याला काय हवं, हे विचारायच्या आतच त्यांचा हात फळीवर गेलेला असायचा.

मला पहिल्यांदा काशीबाई घेऊन गेली. ती बाजारात मासे विकते. “सुनेक होया, रियाक,” म्हणाली. दाजींनी वहीत रियाचं नाव घातलं. आठवड्याने मी परत आले. मग मला कॉलेजातल्या आकांक्षा मॅडम घेऊन गेल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या तरातरा पायऱ्या चढल्या आणि मला काउंटरवर उघडून ठेवलं.

“दाजी, हे काय आहे? पान सत्तावीस बघा.”

पान सत्ताविसावर माझ्यातला पहिला मुडदा पडतो. त्याच्या बाजूला समासात पेन्सिलीने ठसठशीत लिहिलं होतं, ‘खुनी’, आणि पुढे नाव. नाव बरोबर होतं. तेच तर वाईट होतं.

दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फळीवरचं एकेक पुस्तक खाली आलं. चौदापैकी अकरा रहस्यकथांत, जिथे पहिला मुडदा पडतो नेमक्या तिथे, खुन्याचं नाव. दाजी मटकन स्टुलावर बसले. एखाद्याच्या कलमांच्या बागेत माकडं शिरावीत तसा चेहरा झाला त्यांचा.

लिहिणारा हात मी पाहिला होता. पण रहस्यकथेने सुरुवातीलाच तोंड उघडलं तर तिची पोलिसांची डायरी होते. मी गप्प राहिले.

दाजींनी तपास हाती घेतला. तीस वर्षं दुसऱ्यांचे तपास वाचलेले, आता हा घरचा. पंचांग बघायचं भिंग घेऊन ते आमची पानं तपासू लागले. वास घेऊ लागले. अकराही पुस्तकांना बांगड्याचा वास येत होता. पण मालवणच्या बाजूला पानाला बांगड्याचा वास येणं हा काही पुरावा होत नाही. भिंगालाही तो येतच होता.

मग अक्षराचे नमुने. दाजींनी पाटी लावली, ‘वाचकांसाठी सोडत. नाव, गाव आणि खुनी हा शब्द एकदा लिहावा.’

“खुनी कित्या?” लोक विचारत.

“शुद्धलेखन बघूचा आसा,” दाजी सांगत.

सोडतीच्या नमुन्यांत एकाचा ‘नी’ अगदी तसाच निघाला. वहीतही मला सोडून बाकीच्या दहा पुस्तकांपुढे त्याचंच नाव. गंगाराम.

गंगाराम म्हणजे दाजींचा जिवलग. तरुणपणी बोटीवर नोकरी करून जग फिरून आलेला. रोज सकाळी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून चहा प्यायचा. त्याची एक ख्याती होती. कुठलीही रहस्यकथा असो, तिसाव्या पानाच्या आसपास तो खुनी ओळखायचा आणि कधीच चुकायचा नाही. बाजारात लोक त्याला मानत. कुणाची कोंबडी हरवली तरी आधी गंगारामला विचारत.

त्या दिवशी दाजी बाहेर आले ते मला काखेत मारूनच.

“गंगाराम, खुनी कोण?”

“खंयच्या पुस्तकातलो?”

“सगळ्याच.”

गंगारामचे कान लाल झाले. हातातला चहा बशीत सांडला. दाजींना तेवढं पुरलं. चार गिऱ्हाइकं ऐकत असताना त्यांनी सगळं बोलून टाकलं. अक्षर, वही, अकरा पुस्तकं, सगळं.

“चाळीस वर्सां तुझ्या बाकार बसलंय,” गंगाराम हळू आवाजात म्हणाला, “आनि तू माका चार माणसांत असा बोलतंस?”

“मगे सांग, तू नाय लिवलंस म्हणान.”

“नाय लिवलंय,” तो म्हणाला. पण म्हणताना त्याने दाजींच्या डोळ्यांत बघितलं नाही. कपबशी बाकावर ठेवून तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडची चार पुस्तकं एका पिशवीतून रिक्षावाल्याबरोबर परत आली. सोबत निरोप नाही, काही नाही.

सतरा दिवस बाक रिकामा राहिला. म्हणजे अगदी रिकामा नाही. दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून दाजींनी त्यावर कॅलेंडरांचा खोका ठेवला होता. दाजींची बायको, प्रेमलता, डबा घेऊन आली तेव्हा तिने तो पाहिला.

“मित्राची जागा राखूक येता,” ती म्हणाली, “आनि मित्राच्या घराक जावक पाय दुखतत.”

“तेना कबूल करूक होया.”

“अवो, पण तेनाच केल्यान कशावरना?”

दाजींनी डबा उघडला. अर्धाच खाल्ला. तिसऱ्या दिवसापासून ते चिठ्ठ्याही लिहीनासे झाले होते. कुणी चांगलं पुस्तक मागितलं तर ‘बघा तुमीच’ म्हणत. मला ते बघवत नव्हतं.

त्याच सुमाराला एक नवीन रहस्यकथा आली. दाजींनी तिची शेवटची बारा पानं खाकी कागदात गुंडाळून वरून चिकटपट्टी मारली. वर लिहिलं, ‘बाकीचं पुस्तक वाचल्यावरच फोडावे.’ आता मुडद्यापाशी नाव लिहील कोण, ते बघू, असा त्यांचा विचार. पुस्तक फळीवर ठेवतात तोवर काशीबाई आली आणि रियासाठी म्हणून तेच घेऊन गेली. दाजींनी मान हलवली. काशीबाईचा त्यांना संशय यायचं कारणच नव्हतं. सोडतीच्या वेळी तिला कागदसुद्धा कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली ती तणतणतच. डाव्या अंगठ्याला भलीमोठी चिंधी.

“दाजीनू! ह्या काय करून ठेवलास? शेवट बांधून घातलास?”

“काशीबाय, काय झाला?”

“सुरमय कापी होतंय, आनि सगळा ध्यान त्या पुस्तकातल्या बायकडे. तिना विख खाल्ल्यान काय कोणी घातल्यान? शेवटचा पान बघूक गेलंय तर हो कागद! परत कापूक बसलंय आनि बघा, बोट!”

दाजींचं तोंड उघडं ते उघडंच.

“पण पुस्तक रियाक दिलेला.”

“रियाक तिचो मोबाईल पुरे. सगळी पुस्तकां मीच वाचतंय. सातवीपर्यंत शिकलंय मी.”

“मगे सुनेचा नाव कित्या सांगलंस?”

“माझ्या नावान मागलंय काय तुमी व्रतांच्या कहाण्यांचा पुस्तक काढतास. तीन वेळा काढलास. मी मागूक तोंड उघडूच्या आदी.”

दाजींनी मला पान सत्ताविसावर उघडून तिच्यापुढे केलं. “आनि ती पेन्सिलची नावां?”

“ती मीच लिवलंय,” ती म्हणाली. लाज नाही, भीती नाही. “मुडदो पडलो की माझा काळीज धडधडता. हात कामात रवना नाय. म्हणान शेवट बघतंय, नाव लिवन ठेवतंय, आनि मगे निवांत वाचतंय. खुनी कळलो की तो सगळ्यांसमोर कसो साळसूद बोलता, ता बघूक खरी मजा. माझ्या मागसून वाचतल्याचा बोट कापू नये म्हणान खोडूक नाय. कोणी थँक्यूसुदा म्हणूक नाय माका!”

खरं आहे. तिने माझ्यावर नाव लिहिलं होतं, आणि मग पानावर हलकेच फुंकर मारली होती, लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर मारावी तशी.

दाजींनी वही उघडली आणि जिथे जिथे रियाचं नाव होतं ते खोडून काशीबाईचं घातलं. तिच्यासमोरच. अंगठा सांभाळत ती ते बघत उभी राहिली.

त्याच संध्याकाळी दाजींनी माझ्यातलं नाव खोडरबराने पुसलं, मला पिशवीत घातलं आणि गंगारामच्या वाडीची वाट धरली. गंगाराम घरापुढच्या खळ्यात खुर्चीला दोरी विणत होता. त्याने वर पाहिलं नाही.

“गंगाराम, चुकलंय मी. ती काशीबाय. माका माफ कर.”

दोरी थांबली. दाजींना वाटलं, आता हा शिव्या घालणार. गंगाराम उठला, आतून दुसरी खुर्ची आणली आणि दाजींना बसवलं.

“दाजी, मी लिवूक नाय,” तो म्हणाला. “पण मी वाचलंय.”

“म्हणजे?”

“अरे, मुडद्याच्या बाजूक नाव लिवलेला आसता. ता बघान मी तिसाव्या पानार खुनी सांगतंय. इतकी वर्सां. तू त्या दिवशी विचारलंस, माका वाटला तुका सगळा कळला. गावात माझी जी काय अक्कल आसा, ती सगळी काशीबायची पेन्सिल!”

दाजी हसू लागले. हसता हसता ठसका लागला. गंगारामने पाणी आणलं, आणि पाणी देता देता तोही हसायला लागला. दोघे म्हातारे खळ्यात डोळे पुसत बसले.

निघताना दाजींनी मला त्याच्या हातात दिलं. “ह्या एकदा खरा वाच.”

म्हणून सध्या माझा मुक्काम गंगारामकडे आहे. तिकडे फळीवरच्या चिठ्ठ्या आता दाजी आणि काशीबाई मिळून लिहितात, आणि त्यावरून दोघांची भांडणं बाजारभर ऐकू येतात. गंगारामचं मात्र वाईट चाललंय. चाळिसाव्या पानावर त्याने दाजींना फोन करून खानसाम्याचं नाव सांगितलं. नव्वदाव्यावर विधवेचं. एकशे साठावर ‘डॉक्टरच, पैज लाव’ म्हणाला. एकदाही जमलेलं नाही, आणि इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तुमच्याकडे एवढंच मागणं. पुस्तक मागायचं तर स्वतःच्या नावाने मागा. आम्हाला कुणाचेही हात चालतात, खवल्यांचेसुद्धा.

आता थांबते. चहा गार झालाय, तिकडे गंगारामचं लक्ष नाही. शेवटून दुसरं पान त्याने उलटलंय. तो वाचतोय. पुन्हा तीच ओळ वाचतोय. खुर्चीतून अर्धा उठलाय.

“शिरा पडली तुझ्या तोंडार!” तो पानावर ओरडला. “तू?”