मागच्या दाराची तार

"दोन दिवस माहा फोन लागला नाही तं कोणाले तरी घरी पाठवजो," दामिनी मला म्हणाली होती. "पत्ता लिहून घे."

मी म्हटलं, "राहू दे वं. काही होत नाही तुले."

माझी लेक टीना मांडीवर झोपली होती, बोटांना गोंद लागला होता, पेन लांब होता. पण खरं कारण ते नव्हतं. मला ते ऐकायचंच नव्हतं.

दामिनीला मिरगी आहे, अधूनमधून फिट येते. आई गेल्यापासून ती सानगडीत एकटी राहते. त्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या फोनवर होतो. आमचं फोनवर असणं म्हणजे बोलणं नाही. फोन टेबलावर ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि आपापलं काम करायचं. तिकडे तिची कानस घासते, इकडे चिखल्याच्या खाण कॉलनीत माझी. धर्मेंद्र, माझे मिस्टर, रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेले असतात. दिवसभरात मला ऐकू येणारं दुसरं माणूस म्हणजे ती कानस. त्या दिवशी ती थांबली. मला वाटलं, नेट गेलं. अर्ध्या तासानं दामिनीचा आवाज आला, जड जिभेचा. "फिट आली होती. गालाले ब्लेड लागलं जरासं." आणि मग ते पत्त्याचं.

आमचं काम सांगते. अंतराळातल्या लढाईचा एक खेळ असतो. टेबलावर दोन बोटं उंचीचे प्लास्टिकचे सैनिक मांडून, फासे टाकून खेळतात. पुण्या-नागपुरात त्याचे क्लब आहेत. कारखान्यातून सैनिक सगळे सारखे येतात, आणि प्रत्येकाला आपला सेनापती वेगळा हवा असतो. ते आमच्याकडे पाठवतात. मी सैनिकाचा हात कापते, खांद्याला बारीक भोक पाडून त्यात तार बसवते आणि नवा हात जोडते. तो नवा हात दामिनी करते. बॉलपेनची स्प्रिंग, सलाईनची नळी, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, मुदत संपलेलं एटीएम कार्ड. तिला काही विकत आणावं लागत नाही. आम्ही दोघी तो खेळ कधी खेळलेलो नाही. एकमेकींना भेटलेलोही नाही. फोनवरच्या एका ग्रुपमध्ये माझ्या पहिल्या सैनिकाखाली तिनं लिहिलं होतं, "गुडघा उलटा बसवला तुनं. आपल्या जिल्ह्याची हायेस म्हणून सांगून राहिली, नाही तं नुसती हसली असती." तीन वर्षं झाली त्याला.

तिचं सामान औषधाच्या खोक्यातून, ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती तिच्या जवळच्या साकोलीहून आमच्या जवळच्या तुमसरला येतं. म्हणून पत्त्याची गरज कधी पडलीच नाही.

त्या फोननंतर, मागच्या महिन्यात पुण्याच्या क्लबला रणांगणावर मांडायला एक घर हवं होतं. ओसाड ग्रहावरची सोडून दिलेली चौकी. घर दामिनीनं करायचं, रंग मी द्यायचा. खोकं आलं त्याच दिवशी तिनं आवाजी मेसेज पाठवला. "रुपा, रंगवायच्या आधी नीट पाहजो. सगळं हाये त्यात."

मी पाहिलं, पण कुठे काय चिकटवता येईल ते पाहिलं. अंगणात पंपासारखं काहीतरी होतं, त्यावर बाटलीचं झाकण चिकटवून मी रडार केलं. झाडाचं खोड होतं, त्याला काचेचा तुकडा लावून हिऱ्याचं झाड केलं. मागचा मातीचा उंचवटा मला उल्कापाताच्या खड्ड्याची कड वाटला. तो जांभळा केला. मागच्या दारातल्या भोकातून केसाएवढी तार बाहेर आली होती. जोडकामातली उरलेली असेल म्हणून नेलकटरनं उडवली. फोटो पाठवला.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "छान झालं. तार काहून कापली?"

"कचरा वाटला."

तिनं एक हसरा चेहरा पाठवला. एकच.

रोज सकाळी सातला ती तिच्या टेबलाचा फोटो पाठवते, मी टीनाचा. मंगळवारी फोटो आला नाही. फोन बंद. बुधवारी बंद. आज गुरुवार.

धर्मेंद्र म्हणाले, "रिचार्ज संपलं असन तिचं."

"संपू देत नाही ती."

"पोलिसाले फोन कर मंग. आडनाव काय हाये?"

मी फोनमधलं तिचं नाव उघडलं. नुसतं दामिनी.

"अवं, तीन वर्षं झाले. दिवसभर तिच्याशीच तं राहतेस."

तिच्या कोणत्या बोटाला कापल्याची खूण आहे, ते मला माहीत आहे. ती लागोपाठ तीन शिंका देते. चहात साखर घेत नाही. आडनावाच्या जागी ग्रुपवर एका रॉकेटचं चित्र आहे. इंटरनेटवर सानगडीच्या एका किराणावाल्याचा नंबर सापडला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, दामिनी तं पाच-सहा हायेत गावात. कोणाची दामिनी?"

टीनाच्या अंगभर कांजिण्या आहेत. तिला एवढ्या लांब बसनं नेता येत नाही, आणि शेजारी सध्या कोणी उंबऱ्यात येत नाही. धर्मेंद्र पाळीची बदली मागायला गेलेत. मिळाली तर ते उद्या सानगडीला निघतील.

ते गेल्यावर मी पुण्याला अजून न पाठवलेलं ते छोटं घर फळीवरून खाली काढलं. झाकण उपटलं. खाली बोअरिंगचा हातपंप होता, अर्धा दांडा तुटलेला आणि त्याला पाइप बांधलेला. थिनरनं रंग पुसत गेले. तीन पायऱ्या, मधली फुटकी. काच काढली, तर कडुनिंबाचं कापलेलं खोड, त्यातून निघालेले दोन फुटवे. जांभळ्याखाली हिरवं होतं, आणि त्याच्या पलीकडे तिनं गोळ्यांच्या पाकिटाची चांदी लावली होती. पाणी. ती बोडीची, गावतळ्याची, पाळ होती. ही चौकी नव्हतीच, दामिनीचं स्वतःचं घर होतं; मी लिहून न घेतलेला पत्ता.

मागच्या दाराच्या भोकातून टॉर्च मारला. आतल्या बाजूनं तांदळाच्या दाण्याएवढी कडी होती. कापलेली तार मी झाडून टाकली होती, म्हणून दुसरी वाकवली, चिमट्यानं आत घातली, कडीत अडकवून ओढली. कडी उठली. दार उघडलं. ते दार उघडतं हेच मला माहीत नव्हतं.

पोलिसांना मी लगेच हे सगळं सांगितलं. माणूस पाठवतो म्हणाले. तरी हे लिहून जिथे टाकता येईल तिथे टाकते आहे.

तुम्ही सानगडीत असाल, नाही तर जवळपास, तर बोडीच्या पाळीला लागून असलेलं कवेलूच्या छपराचं घर शोधा. पुढे तीन पायऱ्या, मधली फुटकी. अंगणात पाइप बांधलेला हातपंप, फुटवे आलेलं कडुनिंबाचं खोड. पुढचं दार वाजवत थांबू नका. मागे जा. दारात भोक असेल, त्यातून तार आली असेल. ती खाली नाही, आपल्याकडे ओढा. आत टेबलाजवळ सांभाळून पाय टाका, ब्लेड असतात. ती पडलेली असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन लावा.

ती बसलेली असेल, नुसता फोनच बिघडला असेल, तर तुम्हाला पाहून चिडेल. चिडू द्या. तिला म्हणा, रुपानं पाठवलं, तिनं घर नीट पाहिलं. पण आजच जा.