दोन बोटं लाल माती

शेवंतीच्या सासऱ्यांना, म्हणजे गुणाजीरावांना, आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. एक त्यांच्या मिशीचा आणि दुसरा त्यांच्या गावच्या लाल मातीचा. मिशी गिरणीच्या संपानंतर पिकत चालली होती, त्यामुळे हल्ली सगळा भार मातीवर आला होता.

दरवर्षी गणपतीला ते गावी जात आणि येताना एसटीच्या टपावर लाल मातीचं पोतं टाकून आणत. लोक आंबे आणतात, फणस आणतात, काजू आणतात. हा माणूस माती आणायचा. दिंडोशीच्या वसाहतीत तळमजल्याची खोली मिळाली, पुढे चार हात अंगण मिळालं, तसं त्यांनी तिथे तुळशी वृंदावन बांधलं आणि त्यात गावची माती भरली. बिल्डिंगमधल्या तुळशीच्या लग्नाचा मान तेव्हापासून त्यांच्या अंगणाला होता आणि कन्यादानाचा मान त्यांना. हा मान त्यांना कुणी दिला होता असं नाही. तो त्यांनीच घेतला होता.

"तुळस माझ्या गावच्या मातयेत वाढली," ते मिशीवरून बोट फिरवत सगळ्यांना सांगत, "मगे तिचो बापूस कोण? मीच! जेची माती, तेची लेक."

आता खरी गोष्ट सांगायची तर त्या मातीत तुळस वाढत नव्हतीच. दिंडोशीचा पाऊस म्हणजे धो धो. खाली माती दाबून दाबून भरलेली, वर पाणी तुंबलेलं. श्रावण सरेपर्यंत तुळशीची मुळं कुजून जायची. मग लग्नाच्या आदल्या दिवशी सासूबाई, सुगंधाबाई, गोरेगावच्या बाजारातून पदराखाली नवं रोप आणायच्या आणि नवरा ड्युटीवर गेला की गुपचूप लावायच्या. संध्याकाळी गुणाजीराव यायचे, टवटवीत रोप बघायचे आणि म्हणायचे, "बघितलंस? ही माती न्हय, सोना आसा सोना!" सुगंधाबाई मान डोलवायच्या. त्यांचा संसार तीस वर्षं असाच सुखाने चालला होता.

शेवंतीला हे सगळं पाहून हसू यायचं. पण हसूच्या खाली एक काटा होता आणि तो तीन वर्षं सलत होता.

ती माण तालुक्यातली. घाटकोपरला माथाडी कामगार असलेल्या काकाकडे शिवण शिकायला आली आणि जयवंताच्या प्रेमात पडली. लग्न झालं, कुणी फार खळखळ केली नाही. पण लग्नाच्या पंगतीत गुणाजीरावांची जीभ घसरली. शेवंतीचे वडील कुंडलिक, ज्यांना ती आबा म्हणायची, जिलबी वाढत होते. भर पंगतीत गुणाजीराव म्हणाले, "पावण्यानू, तुमच्या माळार कुसळाशिवाय काय उगवता काय?" पंगत खो खो हसली. आबाही हसले. हात जोडून पुढच्या पानाकडे गेले.

त्यानंतर आबा मुलीच्या घरचा उंबरा चढले नाहीत. दिवाळीनंतर भावाला भेटायला मुंबईत यायचे, तेव्हा बाजरीचं गाठोडं घेऊन दिंडोशीपर्यंत यायचे आणि पायरीवर गाठोडं ठेवून उभ्या उभ्या लेकीची खुशाली विचारायचे. "आबा, आत या. निदान पाणी तरी घ्या," शेवंती म्हणायची. "येष्टीतच पेऊन आलोय," असं म्हणून ते वळायचे. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. पाठमोऱ्या आबांकडे बघताना शेवंतीला रडू कोसळायचं आणि मग सासऱ्यांचा असा राग यायचा की त्यांच्या मिशीला कात्री लावावी.

कात्री काही तिने लावली नाही. तिने त्याहून वाईट केलं.

त्या वर्षी मे महिन्यात ती माहेरी गेली आणि परत येताना बाजरीचं म्हणून एक पोतं शिवून आणलं. कुर्ल्याच्या एसटी डेपोत जयवंताने ते खांद्यावर घेतलं आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"काय गं, बाजरी आहे की शिसं?"

"माती आहे," शेवंती म्हणाली. "आमच्या माळाची. आणि तू बाबांना बोललास ना, तर तुझी वाट लागली समज."

माळाची माती म्हणजे कोकणातल्या माणसाने मातीसुद्धा म्हणू नये अशी. फिकट, पांढुरकी, हातात घेतली तर वाळूसारखी बोटांतून सुटणारी. मधे मधे चुनखडीचे खडे, हरभऱ्याएवढे, बोराएवढे. पाऊस पडला की पाणी घटाघटा पिऊन मोकळी. चिखल नाही, भेगा नाहीत, चपलेला चिकटणं नाही. तिथे ऊस होत नाही, भात होत नाही. गवत होतं, तेही विरळ. पण ते गवत खाऊन आबांच्या शेळ्यांच्या अंगावर अशी तकाकी असायची की बाजारात लोक वळून बघायचे. आणि बोरी. मुळं कुठवर जातात ते त्यांनाच ठाऊक, दुष्काळातही बोरं लागायचीच.

सासरे दिवसपाळीला वॉचमनच्या ड्युटीवर गेल्याचं बघून शेवंतीने वृंदावन रिकामं केलं. तळाचं बुजलेलं भोक मोकळं केलं. माळाच्या मातीत थोडं शेणखत कालवून भरलं, नवं रोप लावलं आणि वरून दोन बोटं लाल माती पसरली, केकवर मलई लावतात तशी. सुगंधाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. वर्षानुवर्षं स्वतःच रोपं पालटणारी बाई दुसरीला काय बोलणार? "वरसून नीट सारव हो," एवढंच त्या म्हणाल्या.

पावसाळा आला. शेजारपाजारच्या कुंड्यांत बेडूक पोहायला लागले, पण गुणाजीरावांची तुळस काही केल्या मरेना. श्रावण गेला, भाद्रपद आला, ती कमरेएवढी झाली. गुणाजीराव तर हवेतच होते. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून तुळस दाखवत. गणपतीहून नेहमीसारखं लाल मातीचं पोतं आणलं आणि खुरपं घेऊन वृंदावनापाशी बसले, तशी शेवंती स्वयंपाकघरातून धावत आली.

"मामा, हात लावू नका! मंजिऱ्या धरल्यात. लग्नाला आलेली मुलगी, आता तिला हलवतात का?"

ते त्यांना पटलं. पोतं जिन्याखाली गेलं. शेवंतीने कपाळावरचा घाम पुसला आणि त्याच दिवशी काकाकरवी आबांना निरोप धाडला की यंदा तुळशीच्या लग्नाला माळाची बोरं हवीत, तुम्हीच घेऊन या, गोरज मुहूर्ताला.

लग्नाच्या दिवशी अंगणात ही गर्दी. उसाचा मांडव, झेंडूची माळ, पोरांच्या हातात फुलबाज्या. दुसऱ्या मजल्यावरचे श्यामसुंदरकाका, बँकेत नोकरी आणि आवाज खणखणीत, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेऊन आले होते. दरवर्षी वरपिता तेच आणि मंगलाष्टकंही तेच म्हणायचे. आबा अंगणाच्या कडेला, फाटकाला टेकून उभे होते. हातात बोरांची पिशवी होती.

मंगलाष्टकं संपली आणि गुणाजीराव कन्यादानाला पुढे झाले. नवं धोतर, मिशीला तेल. मांडवावर नजर फिरवून त्यांनी भाषण ठोकलंच. "दर वर्साचा सांगणा आसा. जेची माती, तेची लेक! म्हणान हो मान माझो."

"अगदी बरोबर बोललात मामा," शेवंती म्हणाली. "श्यामसुंदरकाका, तुम्ही ऐकलंत ना? ज्याची माती, त्याची लेक. मग मुलीच्या बापाला बोलवा की. फाटकाशी उभे आहेत."

जयवंत मांडवाच्या उसामागे सरकला.

शेवंतीने खुरप्याने वृंदावनाची वरची दोन बोटं माती बाजूला केली आणि खालची पांढरी माती ताटलीत काढली. चुनखडीचा एक खडा वरवंट्याने फोडून त्यात मिसळला आणि सरबताला आणलेलं लिंबू चिरून पिळलं. लहानपणी तालुक्याचे माती तपासणारे साहेब माळावर बाटलीतून आम्लाचे थेंब टाकून बघायचे. साहेब गेले की ती आणि भावंडं घरातली लिंबं पळवून तोच खेळ खेळायची आणि आईचा मार खायची. माती फसफसली. ताटलीत बारीक बारीक बुडबुडे उठले आणि सोड्याची बाटली फोडल्यासारखा आवाज आला. पोरांनी "झकास!" म्हणून टाळ्या पिटल्या.

"ही चुन्याची माती," शेवंती म्हणाली. "आमच्या माळाची. मे महिन्यापासून तुळस हिच्यात उभी आहे. आता जिन्याखालचं पोतं आणा."

लाल मातीवर लिंबू पिळलं. माती ढिम्म. गुणाजीराव वाकले, त्यांनी कान लावला.

"लिंबू कुसलेला आसा! दुसरा आण!"

दुसरं आणलं, तिसरं आणलं. लाल माती ओली झाली आणि स्वस्थ बसली. शेवंतीला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला फार मजा येईल. आलीही, नाही कशाला म्हणा. पण सासऱ्यांचा चेहरा पार उतरला, तसं तिने हातातलं लिंबू खाली ठेवलं. हातात कन्यादानाची पळी धरून ते मांडवाच्या मधोमध उभे होते.

"तर मगे," ते हळूच म्हणाले, "मी कोण?"

फाटकापासून आबा आले. त्यांनी बोरांची पिशवी वृंदावनापाशी ठेवली, वाकून ताटलीतली माती कपाळाला लावली.

"पोरीला अक्कल न्हाई, पावनं," ते म्हणाले. "माती माझी खरी. पर माझ्या दारात ही तुळस उन्हानं करपून जाती. हितं तुमच्या अंगणात सावली घावली, पाऊस घावला, म्हणून एवढी झाली. आन् वरची दोन बोटं तुमचीच की. बाप मी, तर मामा तुम्ही. मामा पाठीशी न्हाई तर मुलगी बोहल्यावर चढंल का?"

शेवंती लग्न झाल्यापासून त्यांना मामाच म्हणत होती. गुणाजीरावांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा आबांकडे, आणि मग मिशीवरून बोट फिरवलं. पळी आबांच्या हातात गेली. आबांनी कन्यादान केलं. गुणाजीराव तुळशीच्या मागे छाती काढून उभे राहिले आणि पोरांना ओरडून फुलबाज्या पेटवायला लावत राहिले.

सगळं आटोपलं. आत पोहे-लाडवाच्या ताटल्या मांडल्या जात होत्या. आबांनी सवयीने टोपी नीट केली आणि ते फाटकाकडे वळले. शेवंती ताटल्या सोडून दारात आली. एवढा खटाटोप केला तो ह्याच एका वाटेसाठी, आणि आबा तीच वाट चालले होते.

"खंय चाललात?" गुणाजीराव कडाडले. "पोरीचो बापूस पंगत टाकून जाता काय? पंगत कोण बघतलो, मी? मी मामा! माका मान होयो, काम नको!" त्यांनी आबांचा दंड धरून त्यांना पायरीपर्यंत आणलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "पावण्यानू, तेव्हा पंगतीत मी जा बोललंय, ता चुकला. सगळ्यांसमोर बोललंय, म्हणान सगळ्यांसमोर सांगतंय."

आबा पायरीवर थांबले. मग चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवून म्हणाले, "पानी दे गं पोरी. घसा कोरडा पडलाय."

हजरजबाबी शेवंतीला त्या वेळी माठ कुठे आहे तेही आठवेना. ती नुसतीच पदर तोंडाला लावून उभी राहिली. शेवटी गुणाजीरावच आत गेले, गूळ आणि तांब्या घेऊन आले. आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवून खाली ठेवला.

रिकामा तांब्या उचलताना गुणाजीराव आबांच्या कानाशी वाकले. त्यांचा कुजबुजण्याचा आवाज नेहमी बिल्डिंगभर ऐकू जायचा. "पावण्यानू, पुढल्या खेपेक अजून एक मातयेचा पोता आणा. पण कोणी विचारल्यान तर बाजरी म्हणान सांगा."