बिदाईचं फुटेज

“बाबा, त्या दिवशी तुम्ही माहे बाप नव्हते, फोटोग्राफर होते.”

अंजू हे बोलली तेव्हा नानाजींचा हात माऊसवर होता आणि समोर पडद्यावर अंजूचीच पाठवणी अडखळत चालली होती. नव्या कॅमेऱ्याचं फुटेज जड, कॉम्प्युटर म्हातारा. नवरी एक पाऊल टाकायची, तिथेच थिजायची आणि मग एकदम गाडीजवळच दिसायची. आवाज मात्र कुठेही अडकत नव्हता. तो खणखणीत होता आणि नानाजींचाच होता, कॅमेरा धरलेल्या मदतनीस पोराला हुकूम सोडणारा. “प्रीतम, जवळ ये! डोळे घे गा, डोळे घे!”

अंजूचा हात धरून तिला गाडीपर्यंत नेत होते ते तिचे मामा, महादेवराव. बापाचा पत्ताच नव्हता.

“मी मागं वळून पाहून राहिली होती ते तुमच्यासाठीच,” अंजू म्हणाली. “सासूबाईनं विचारलं, बाबा कुठी गेले म्हणून. काय सांगू मी त्याईले?”

“अवं, त्या प्रीतमचा फोकस...” नानाजींनी सुरुवात केली आणि जीभ चावली. लेकीला फोकसचं कारण सांगणार, कप्पाळ!

गोळीबार चौकामागच्या गल्लीत पुढच्या खोलीत नानाजींचा स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरी नानाजींनीच सासरी पाठवल्या, असं लोक थट्टेनं म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. मांडवात बायकांचे हुंदके सुरू झाले की या माणसाच्या अंगात यायचं. ऊन कुठून येतंय, कोणाचा पदर आड येतोय, त्या मावशींना जरा सरकवा! हे इतकं हाडीमाशी भिनलेलं, की स्वतःच्या लेकीच्या लग्नात, धोतर आणि कडक सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून, हे गृहस्थ ऐन वेळी कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले. कोणी बोलावलं नव्हतं. पाय आपोआप वळले. आणि त्यानंतरचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. गाडी निघाली तेव्हा आपण कुठे होतो, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

आतून चंद्रकलाबाई आल्या. “पोरगी लगनानंतर पहिल्यांदा घरी आली अन् तुम्ही तिले रडवून राहिले? चाल वं अंजू, जेवून घे. संध्याकाळी कोराडीची बस धरायची आहे न तुले.”

अंजू उठली. दारात थांबून म्हणाली, “मले तो व्हिडिओ नको, बाबा. घरी लावला तं सगळे तेच विचारतील.”

आजवर कोणत्याही पोरीनं त्यांचा व्हिडिओ नको म्हटलं नव्हतं. म्हणावं तेही नेमकं हिनं?

त्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला पुन्हा लावलं. आधी जड फाइलींच्या हलक्या प्रती करायच्या, त्या हलक्या प्रतींवर कापाकापी करायची, आणि शेवटी मूळ फाइली परत जोडायच्या, अशी या धंद्याची रीत. बाकीचे याला कन्व्हर्ट करणं म्हणतात. नानाजी पडले कोष्ट्याच्या घरचे, ते म्हणतात कांडी भरणं. लडीतलं सूत कांडीवर भरल्याशिवाय मागावर चढत नाही, आणि भरताना त्यांची आई जयवंता तुटकं सूत बाजूला टाकायची. नानाजीही तसंच करत. कॅमेरा बंद करायचा राहून गेला, तो गळ्यात लटकतोय, नुसती जमीन दिसतेय, असल्या क्लिपा म्हणजे वेस्ट. त्या कन्व्हर्टला कोणी लावतं का? आज मात्र त्यांनी आख्खं कार्ड लावलं.

प्रीतम दुसऱ्या एका लग्नासाठी बॅटऱ्या न्यायला आला होता. त्यानं पडद्याकडे बघून डोकं खाजवलं. “नानाजी, हा तं सगळा वेस्ट आहे. काहून भरून राहिले?”

“भरू दे गा. मी हरवलो आहे त्यात.”

प्रीतम हसला आणि बॅटऱ्या घेऊन गेला. नानाजी हसले नाहीत.

कन्व्हर्ट झालं तशी पाठवणी लोण्यासारखी चालू लागली. नानाजी डोळ्यांत तेल घालून स्वतःला शोधू लागले. एका शॉटमध्ये त्यांचं कोपर सापडलं. एकात फेट्याचा तुरा. एकात ते पूर्ण होते, पण रडणाऱ्या आत्याला उन्हातून सावलीत सरकवत होते. शी! स्वतःचीच लाज वाटली त्यांना.

शेवटी एक क्लिप उरली. कॅमेरा प्रीतमच्या गळ्यात आडवा लटकलेला. जमीन, सांडलेले तांदूळ, मग गाडीचं मागचं चाक. चाक फिरलं. आणि चौकटीत दोन पाय घुसले. काळ्या नव्या चपला, वर धोतराचा काठ. पाय आधी भरभर चालले, मग चक्क पळायला लागले. एक चप्पल निघून मागे पडली. पाय तिच्यासाठी वळले नाहीत. एक अनवाणी, एक चपलेतला, तसेच गाडीमागे पळत राहिले. दुरून महादेवरावांची हाक ऐकू आली, “अहो भाऊजी, थांबा न! पडसान!”

“बाबा, जेवण थंडं होऊन राहिलं.” अंजू मागे कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

“काही नाही वं, वेस्ट आहे.” नानाजींनी घाईनं क्लिप बंद केली.

“लावा परत.”

त्यांनी लावली. आडव्या चित्रासाठी मान आडवी करून अंजू बघत राहिली. क्लिप संपली तेव्हा तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

“बिदाईत शेवटी हेच टाका,” ती म्हणाली.

“आडवं आहे न बाई. हलून राहिलं किती. अन् तोंड तं कुणाचंच दिसत नाही.”

“तोंड काय करायचं, बाबा? पाय ओळखते मी तुमचे.”

नानाजींनी क्लिप जशी होती तशी पाठवणीच्या शेवटी ठेवली, सरळ केली नाही, एवढीशीही कापली नाही. या जागी ते दर वेळी सनई भरत. आज भरली नाही. गाडीचा आवाज विरून गेल्यावर एकाच चपलेचा चट चट आवाज तेवढा राहिला, आणि बाजूच्या खुर्चीत अंजू तो ऐकत बसली.