वडगावची दुपार, धुऊनपुसून

पस्तीस वर्षांपूर्वी ‘वडगावची दुपार’ ही कॅसेट बेळगावपासून निपाणीपर्यंत प्रत्येक टेम्पोत वाजत असे. आता कॅसेट कंपनी तिच्यातले आवाज नव्याने मिसळून, धुऊनपुसून ती पुन्हा बाजारात आणणार होती. या सीमाभागात शुद्धीकरणाची हौस फार जुनी आहे. पाट्या झाल्या, गावांची नावे झाली, गाण्यांची पाळी येणारच होती.

बेळगावच्या कॅम्पातल्या स्टुडिओत कंपनीच्या आशुतोषने पहिले गाणे लावले. गायक आनंदने डोळे मिटले. कॅसेट पेटी वाजवणाऱ्या भैरवीच्या वडगावच्या घरात ध्वनिमुद्रित झाली होती; शेजारचे यंत्रमाग थांबेनात, म्हणून त्यांची खडखड प्रत्येक गाण्यात शिरली होती. आज ती नव्हती. संथ पाण्याच्या तळाशी खडा दिसावा तसा त्याचा तरुण आवाज स्वच्छ उमटत होता. उभ्या आयुष्यात त्याने स्वतःला असे ऐकले नव्हते.

“रवळू चुकतोय,” शेजारी बसलेली भैरवी म्हणाली.

ढोलकीवाला रवळू बेळगुंदीचा. गेल्या वर्षी वारला. त्याची थाप खरोखरच दर वेळी किंचित उशिरा पडत होती.

“सरळ करू की, मॅडम,” आशुतोष म्हणाला. “प्रत्येक थाप ओढून जागेवर बसवता येते.”

“जागेवरच हाय ती! मागाच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत वाजवायचा तो. तुम्ही मागच पुसलासा, आता त्यानं थाप ठेवायची कुठं?”

“माग परत आणला तर सरांचा आवाज बुडतो. पूर्वी शब्दही कळत नव्हते.”

भैरवी आनंदकडे वळली. “बोल की रं. रवळ्या असता तर म्हणाला असता, गायकाला घरी धाडा, माग तालात हाय.”

आनंद हसला नाही. “एकदा असंच लावा. शेवटचं.”

गाणे पुन्हा सुरू झाले. आवाज तरंगत राहिला. त्याच्याखाली ना वडगाव होते, ना दुपार. कुठल्याही शहरातल्या कुठल्याही सभ्य माणसाचा तो असू शकला असता. आणि त्याच्यामागून रवळू, पायरी काढून घेतलेल्या जिन्यावरून उतरणाऱ्या माणसासारखा, ठेचकाळत येत होता.

“माग आणा,” आनंद म्हणाला.

“किती ठेवू, सर? थोडासा?”

“होता तेवढा.”

खडखड खोलीभर पसरली. थाप फटीत अलगद जाऊन बसली आणि खिडकीच्या काचेपलीकडची झाडेही त्या लयीत हलल्यासारखी वाटली. आनंद स्पीकरकडे झुकून बराच वेळ कान देऊन राहिला.

“मी कुठं हाय गं?”

“हाईस की,” भैरवी म्हणाली. “खाली.”